टाळ्यांनंतरचा खटला

ऑक्टोबर १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ ज्यूरींनी कमांडर कावस माणेकशॉ नानावटी यांच्याबद्दल कौल दिला. आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवण्यात आले. २०१६ चा ‘रुस्तम’ हा हिंदी चित्रपट साधारण याच मुक्कामावर संपतो. नायक सुटतो, गर्दी जल्लोष करते, प्रेक्षक समाधानाने घरी जातो. खरे नानावटी त्या कौलाने सुटले नाहीत. सत्र न्यायाधीश आर. बी. मेहता यांना ज्यूरीचा कौल मान्य झाला नाही. समोर आलेल्या पुराव्यावर कोणतेही समंजस लोक असा निष्कर्ष काढणार नाहीत, असे त्यांचे मत पडले. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. ११ मार्च १९६० रोजी न्या. शेलत आणि न्या. नाईक यांनी नानावटींना खुनाबद्दल दोषी धरून जन्मठेप सुनावली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. म्हणजे चित्रपट जिथे थांबतो, तिथून पुढे दोन वर्षे हा खटला चालला आणि त्याचा निकाल उलटा लागला.

‘सत्य घटनेवर आधारित’ या पाटीखाली असे किती तरी खटले आपण पाहतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकतच आपण मोठे होतो. बहुतेकांना ती पायरी चढावी लागतही नाही. त्यामुळे खटला कसा चालतो याची त्यांची जी काही कल्पना असते, ती पडद्यावरूनच आलेली असते. काल्पनिक गोष्टीत लेखकाने हवे ते करावे. पण एखादा प्रत्यक्ष खटला, त्यातली खरी माणसे आणि खरे प्रेत घेऊन गोष्ट सांगितली जाते तेव्हा प्रेक्षक पाहिलेले खरे मानतो, आणि तसे मानायला त्याला त्या पाटीनेच सांगितलेले असते.

कोणती चूक माफ करायची आणि कोणती नाही, हा माझ्या दृष्टीने या विषयातला कळीचा प्रश्न आहे. महिनोन्‌महिने चाललेली सुनावणी दोन-अडीच तासांत बसवायची तर काटछाट अटळ आहे. चार वकिलांचा एक वकील होणार, नावे बदलणार, दहा तारखांची एक तारीख होणार. त्याबद्दल कुणी तक्रार करू नये. पण निर्णय कुणी दिला, कोणत्या आधारावर दिला आणि पुढे त्याचे काय झाले, या तीन गोष्टी बदलल्या की खटला उरत नाही. त्याच्या नावावर दुसरेच काही तरी खपवले जाते.

किरकोळ चुका आधी आटोपून घेऊ. भारतीय न्यायाधीशांच्या टेबलावर लाकडी हातोडा नसतो. साक्षीदाराला गीतेवर हात ठेवायला लावत नाहीत. १९६९ च्या शपथ अधिनियमानुसार तो ईश्वरसाक्ष शपथ घेतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो. ‘रुस्तम’मधल्या नौदल अधिकाऱ्याच्या गणवेशावर कारगिलनंतरच्या काळातली पदके दिसली, तेव्हा निवृत्त अधिकाऱ्यांनी ती लगेच हेरली. दाढीशिवाय नुसती मिशी ठेवायला त्या काळच्या नौदलात परवानगी नव्हती, हेही तेव्हा निदर्शनाला आणून दिले गेले. अशा चुकांवर हसून पुढे जाता येते. त्यांच्यामुळे कुणाचा न्यायाविषयीचा समज बिघडत नाही.

कार्यपद्धतीच्या चुका मात्र समज बिघडवतात. शेवटच्या क्षणी दार उघडते, कुणी तरी धावत येते, ‘थांबा, मी साक्ष देतो’ म्हणते आणि खटला फिरतो. प्रत्यक्षात दोषारोपपत्रासोबत साक्षीदारांची यादी जोडलेली असते आणि त्यांच्या जबाबांच्या प्रती आरोपीला आधीच द्याव्या लागतात. न्यायालयाला नवा साक्षीदार बोलावण्याचा अधिकार आहे. १९७३ च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम ३११ मध्ये होता, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३४८ मध्ये आहे. पण त्यासाठी अर्ज होतो, दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकले जाते, आदेश निघतो आणि नव्या साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याची पुरेशी संधी द्यावी लागते.

आरोपीला पिंजऱ्यात उभे करून प्रश्नांच्या माऱ्याने ‘होय, मीच मारले’ असे वदवून घेणारे दृश्य तर जवळजवळ प्रत्येक कोर्टपटात असते. संविधानाच्या अनुच्छेद २० (३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. तो स्वतः लेखी मागणी करील तरच साक्षीदार म्हणून शपथेवर बोलू शकतो, आणि पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध शाबीत करता येत नाही. हे नियम पळवाटा म्हणून आलेले नाहीत. कोठडीत मारहाण करून कबुली मिळवली जाते, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते, म्हणून ते आले. पडद्यावर या नियमांचा उल्लेख झालाच तर तो बहुधा गुन्हेगार सुटण्याचे कारण म्हणून होतो. ‘कोर्टाला पुरावा लागतो, सत्य नाही’ अशा थाटाचे संवाद ऐकून वाढलेल्या पिढीला पोलीस चकमकीत न्याय दिसू लागला, तर त्यात या दृश्यांचाही वाटा आहे असे मला वाटते.

आणखी एक गैरसमज दिसायला साधा, पण फिर्यादीला नंतर फार छळणारा आहे. फौजदारी खटला सरकारचा असतो आणि तो सरकारी वकील चालवतात. पीडिताच्या घरच्यांनी नेमलेला वकील त्यांना साहाय्य करू शकतो, न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो, पण खटल्याचा लगाम त्याच्या हाती नसतो. चित्रपटात मात्र पीडिताचा वकील एकटा सगळी यंत्रणा अंगावर घेतो. ते पाहून आलेल्या आई-वडिलांना आपला वकील साक्षीदाराला थेट प्रश्न विचारू शकत नाही हे कोर्टात कळते, तेव्हा आपल्यावर अन्याय होतो आहे असेच त्यांना वाटते.

खरे कोर्ट पाहायचे असेल तर चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा ‘कोर्ट’ पाहावा. त्यातला खटला काल्पनिक आहे, पण त्यातले सत्र न्यायालय मुंबईचे आहे याबद्दल शंका येत नाही. पुकारा होतो, मंडळी पुढे येतात. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार आपल्या बोलीत उत्तर देतो, आणि न्यायाधीश ते उत्तर इंग्रजीत बसवून टंकलेखकाला सांगतात. साक्षीदाराच्या तोंडचे वाक्य कागदावर उतरेपर्यंत बदललेले असते, आणि पुढची वरची न्यायालये वाचणार असतात ते हे कागदावरचे वाक्य. दस्तऐवजांवर निशाणी क्रमांक पडतात, दिवसभराचे काम रोजनाम्यात दोन ओळींत मावते, पुढची तारीख पडते. न्याय होतो तो या सगळ्यातून, आणि अन्यायही बहुतेक वेळा इथेच होतो. हंसल मेहता यांच्या ‘शाहिद’ मधली कोर्टाची दृश्ये अशीच आहेत. खोल्या लहान, वकील एकमेकांवर खेकसतात, न्यायाधीश त्रासलेले असतात. मुंबईतले वकील शाहिद आझमी यांची फेब्रुवारी २०१० मध्ये कुर्ल्यातील कार्यालयात हत्या झाली. २६/११ च्या खटल्यात त्यांनी ज्या फहीम अन्सारीचा बचाव केला, त्याला सत्र न्यायालयाने, मग उच्च न्यायालयाने आणि शेवटी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्दोष ठरवले. या चित्रपटाला भाषणबाजीची गरज पडली नाही.

आता नानावटी प्रकरणाकडे परत येतो, कारण एकाच खटल्यावर इतक्या वेळा कलाकृती झाल्याचे दुसरे उदाहरण आपल्याकडे सापडणे कठीण. २७ एप्रिल १९५९ ची दुपार. ‘मैसूर’ या युद्धनौकेवरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी असलेल्या नानावटींना पत्नी सिल्व्हिया यांनी प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. त्यांनी पत्नी आणि मुलांना मेट्रो सिनेमात सोडले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली, आहुजाच्या कचेरीत गेले, तो तिथे नाही म्हटल्यावर सेटलवाड रोडवरच्या ‘जीवनज्योत’ इमारतीतल्या त्याच्या घरी गेले. तीन गोळ्या सुटल्या. आहुजा नुकताच आंघोळ करून आला होता, कमरेला टॉवेल होता. पुढे नानावटी स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले.

बचावाचे म्हणणे होते, झटापटीत गोळ्या सुटल्या. सरकार पक्षाचे म्हणणे, झटापट झाली असती तर टॉवेल जागेवर राहिला नसता. प्रेतावर तो तसाच गुंडाळलेला होता. दुसरा मुद्दा ‘गंभीर आणि आकस्मिक चिथावणी’चा. तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०० च्या पहिल्या अपवादानुसार अशा चिथावणीने तोल जाऊन कुणी मारले तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरत असे. सर्वोच्च न्यायालयाने इथे घड्याळ पाहिले. नानावटी घरातून निघाले दीड वाजता आणि गोळ्या सुटल्या चार वीसला. मधल्या जवळजवळ तीन तासांत त्यांनी बायकोमुलांची व्यवस्था लावली, हत्यार मिळवले, माणूस शोधला. भान परत यायला एवढा वेळ पुरेसा होता, असे न्या. सुब्बा राव यांनी लिहिले. त्याच निकालात चिथावणीची कसोटीही आखून दिली गेली. आरोपी ज्या समाजातला, ज्या थरातला आहे तिथला समंजस माणूस त्या परिस्थितीत कसा वागला असता ते पाहायचे. शब्द आणि हावभावही चिथावणी ठरू शकतात. आधीच्या घटनांची पार्श्वभूमीही धरता येते. पण घातक कृती त्या भावनेच्या आवेगात झालेली हवी, आवेग ओसरल्यावर विचाराने केलेली नव्हे. आजही चिथावणीचा बचाव घेतला की देशभरच्या न्यायालयांत या निकालाचा हवाला दिला जातो.

‘रुस्तम’ने हा सगळा गाभा काढून टाकला. त्याजागी संरक्षण खरेदीतल्या भ्रष्टाचाराचे उपकथानक आणले, त्यामुळे मारलेला माणूस देशद्रोही ठरला आणि मारणारा देशभक्त. नायक आपला बचाव स्वतःच करतो. नानावटींच्या बाजूने कार्ल खंडालावाला यांच्यासारखे निष्णात फौजदारी वकील उभे होते. आरोपीने स्वतः ज्यूरीसमोर उभे राहण्याचे खरे उदाहरण याच मुंबईत घडले होते, पण ते लोकमान्य टिळकांचे. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्या. दावर यांच्यासमोर ते स्वतः सुमारे एकवीस तास बोलले. तरी सात विरुद्ध दोन अशा कौलाने ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. सातही जण युरोपीय होते, आणि विरुद्ध मत देणारे दोघे पारशी.

सर्वांत मोठ्या नाट्याला तर चित्रपटाने हातच लावला नाही. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली त्याच दिवशी मुंबई राज्याचे राज्यपाल श्रीप्रकाश यांनी अनुच्छेद १६१ खाली आदेश काढला की, सर्वोच्च न्यायालयातले अपील निकाली निघेपर्यंत शिक्षेला स्थगिती, आणि नानावटी नौदलाच्या ताब्यातच राहतील. न्यायालयाने दिलेली शिक्षा सरकार असे अडवू शकते का? पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे हा प्रश्न गेला आणि ५ सप्टेंबर १९६० रोजी बहुमताने उत्तर मिळाले की, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे असताना राज्यपालांना तसे करता येणार नाही. कार्यपालिका आणि न्यायपालिका यांच्यातला हा खरा सामना मुंबईत उभा राहिला होता. शेवटी १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली, त्यासाठी आहुजाची बहीण मेमी हिची लेखी संमती मिळवण्यात आली, आणि पुढे ते कुटुंब कॅनडाला गेले. माफी ही दोषी माणसालाच मिळते. ज्याने फक्त चित्रपट पाहिला त्याला नानावटींना माफी का लागली हेच कळणार नाही.

२०१९ मध्ये आलेल्या ‘द व्हर्डिक्ट: स्टेट व्हर्सेस नानावटी’ या वेबमालिकेने नावे खरी ठेवली. आर. के. करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींसाठी चालवलेली मोहीम, नानावटींच्या पारशी आणि आहुजाच्या सिंधी समाजांतला ताण, हेही घेतले. तिथे झुकते माप राम जेठमलानींना मिळाले. खटला चालवणारे सरकारी वकील होते सी. एम. त्रिवेदी. जेठमलानी मेमी आहुजाच्या वतीने बाजूला बसून साहाय्य करत होते. ते पुढे फार मोठे झाले, म्हणून या खटल्यातही तेच मोठे असणार असे मालिका गृहीत धरते. गुलजार यांच्या ‘अचानक’ची (१९७३) गोष्ट वेगळी आहे. त्यात नायक सैन्यातला आहे, तो पत्नीलाही मारतो, ज्यूरी नाही, फाशी आहे. मूळ घटनेतून ठिणगी घेतली आणि पुढे स्वतःची गोष्ट सांगितली. असे उघडपणे दूर जाणे मला ‘रुस्तम’च्या अर्धवट जवळिकीपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते.

या खटल्याने एक दंतकथाही रूढ केली, की नानावटीमुळे भारतातून ज्यूरी गेली आणि हा शेवटचा ज्यूरी खटला. विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली ती १९५८ मध्ये, म्हणजे गोळ्या सुटण्याच्या आदल्या वर्षी. नानावटीनंतरही काही ठिकाणी ज्यूरी चालू राहिल्या आणि १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्यांना जागा मिळाली नाही. पारशी विवाह न्यायालयांत समाजातून निवडलेले प्रतिनिधी अजूनही न्यायाधीशांसोबत बसतात.

निकालच उलटा करण्याचे याहून धक्कादायक उदाहरण २०२५ चे ‘केसरी चॅप्टर २’ आहे. सर सी. शंकरन नायर हे १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे अध्यक्ष, पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य. जालियनवाला बाग आणि पंजाबातल्या लष्करी कायद्याच्या निषेधार्थ त्यांनी १९१९ मध्ये त्या मंडळाचा राजीनामा दिला. १९२२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी पंजाबातल्या अत्याचारांना माजी नायब राज्यपाल मायकेल ओड्वायर जबाबदार असल्याचे लिहिले. ओड्वायरने त्यांच्यावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९२४ मध्ये किंग्ज बेंचमध्ये न्या. मॅकार्डी यांच्यापुढे पाच आठवडे सुनावणी झाली. ज्यूरींना मार्गदर्शन करताना न्यायमूर्तींनी सरळ सांगितले की, जनरल डायरने योग्यच केले आणि त्याला शिक्षा देण्यात चूक झाली. अकरा विरुद्ध एक अशा कौलाने नायर हरले. विरुद्ध गेलेले एकटे ज्यूरर होते हॅरॉल्ड लास्की. पाचशे पौंड भरपाई आणि त्याच्या कित्येक पट खर्च नायरांवर बसला. माफी मागितली तर खर्च सोडू, असे ओड्वायरने कळवले. नायरांनी माफी मागितली नाही.

चित्रपटात मात्र नायर भारतातल्या कोर्टात ब्रिटिश राजसत्तेलाच आरोपी करतात, डायर साक्षीच्या पिंजऱ्यात येतो, आणि आरोप असतो वंशसंहाराचा. डायरवर कोणत्याही न्यायालयात कधी खटला चालला नाही. लंडनच्या सुनावणीतही तो साक्षीला आला नव्हता. वंशसंहार हा गुन्हा तेव्हा कायद्यात अस्तित्वातच नव्हता. ती संकल्पना राफाएल लेमकिन यांनी १९४४ मध्ये मांडली आणि तिच्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९४८ मध्ये झाला. नायरांच्या बाजूने तिथे एक तरुण महिला वकीलही उभी दिसते. त्या काळात स्त्रियांना वकिलीचे दार बंदच होते. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची नोंदणी अलाहाबाद उच्च न्यायालयाने केली ती १९२१ मध्ये, आणि स्त्रियांना सर्वत्र वकिली खुली करणारा कायदा आला १९२३ मध्ये.

मला यातले सर्वांत जास्त काय खुपते तर एक खरी उलटतपासणी हाताशी असताना तिच्याकडे पाठ फिरवली गेली. नोव्हेंबर १९१९ मध्ये लाहोरला हंटर समितीपुढे डायरची साक्ष झाली. प्रश्न विचारणाऱ्यांत मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड होते. डायरने बागेकडे मशिनगन असलेल्या दोन चिलखती गाड्या नेल्या होत्या, पण वाट अरुंद म्हणून त्या आत शिरल्या नाहीत. सेटलवाडांनी शांतपणे विचारले की, वाट रुंद असती आणि गाड्या आत जाऊ शकल्या असत्या तर तुम्ही मशिनगन चालवल्या असत्या का? बहुधा हो, असे डायरने उत्तर दिले. आवाज न चढवता विचारलेल्या त्या एका प्रश्नाने डायरची मनोवृत्ती जगापुढे उघडी पडली. साम्राज्याच्या न्यायालयाने नायरांना हरवले, हीच त्या साम्राज्यावरची सर्वांत कठोर साक्ष होती. पडद्यावर त्यांचा खटला घरच्या मैदानावर आणून विजयी सुरात मांडताना ती साक्षच पुसली गेली.

‘जय भीम’ (२०२१) या तमिळ चित्रपटाबद्दल मला आदर आहे, म्हणूनच त्याची चूक जास्त लागते. १९९३ मध्ये पोलिसांच्या मारहाणीत मेलेल्या राजाकण्णूसाठी न्या. के. चंद्रू यांनी वकील असताना दिलेला लढा त्यात आहे. हेबियस कॉर्पसच्या अर्जावर उच्च न्यायालयात साक्षी तपासल्या जातात हे दृश्य बऱ्याच वकिलांना बनावट वाटले, पण केरळ उच्च न्यायालयाने १९७७ मध्ये राजन प्रकरणात नेमके तसेच केले होते. म्हणजे अविश्वसनीय वाटते ते इथे कायद्याला धरून आहे. उलट सहज खरे वाटते तिथे बदल आहे. चित्रपटातला राजाकण्णू इरुळर आहे, खरा राजाकण्णू दुसऱ्या समाजातला होता. क्रूर फौजदाराच्या घरी एका विशिष्ट जातीचे चिन्ह असलेले कॅलेंडर दाखवले गेले. खऱ्या प्रकरणातला अधिकारी त्या जातीचा नव्हता. आक्षेपानंतर ते कॅलेंडर बदलले. पारधी किंवा कैकाडी वस्तीत चोरीच्या संशयावरून पोलीस शिरतात तेव्हा काय होते, हे महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. अशा अत्याचारात मेलेल्या माणसाची ओळख बदलली तर त्याच्या समाजाचे दुःख नोंदीतून दुसऱ्यांदा गळते.

इंग्रजीतही हे चालते. १९९३ च्या ‘इन द नेम ऑफ द फादर’मध्ये गिल्डफर्ड बॉम्बस्फोटात खोटेपणाने अडकवलेल्या जेरी कॉन्लनच्या सॉलिसिटर गॅरेथ पीअर्स स्वतः अपील न्यायालयात गर्जना करताना दिसतात. तिथे युक्तिवाद बॅरिस्टर करतात, सॉलिसिटरचे काम त्याआधीचे. बाप आणि मुलगा वर्षानुवर्षे एका कोठडीत होते हेही खरे नाही. तरी त्या चित्रपटाने निकाल आणि निकालाचे कारण, म्हणजे पोलिसांनी रचलेला पुरावा, शाबूत ठेवला. म्हणून त्याला मी झुकते माप देतो.

मराठी रंगभूमीवरचे उदाहरण टाळता येणार नाही. ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’चे प्रयोग १९९८ मध्ये राज्य सरकारने थांबवले आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी उठवली. नाटक बंद पाडणे चूकच होते. पण नाटकाचा कणा आरोपीचे निवेदन हा आहे, आणि निवेदन म्हणजे निष्कर्ष नव्हे. लाल किल्ल्यात न्या. आत्मा चरण यांच्यापुढे आठ आरोपी होते आणि पुण्याचा दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार होता. गोडसेने खुनाच्या शिक्षेविरुद्ध अपीलच केले नाही. त्याचे अपील होते ते कटाच्या आरोपाविरुद्ध, आपण एकट्याने केले हे सांगण्यासाठी. सिमल्याला तीन न्यायाधीशांनी ते फेटाळले, दोघा सहआरोपींना सोडले, बाकीच्यांची शिक्षा कायम ठेवली. खटल्यातला वादाचा मुद्दा कट हाच होता. एकाच माणसाचा आवाज रंगमंचावर भरून राहिला की शस्त्रे कुणी पुरवली, २० जानेवारीचा पहिला प्रयत्न कुणी केला, हे प्रश्न आपोआप विंगेत जातात. अशा एकतर्फी मांडणीत एकही वाक्य खोटे नसले तरी खटला खोटा होऊ शकतो.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? १९९४ मध्ये आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, न्यायालयीन कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींच्या आधारे कुणाविषयी लिहायला त्याची परवानगी लागत नाही. त्या नोंदींच्या पलीकडे गेलात तर खासगीपणाचा भंग ठरू शकतो. म्हणजे निर्मात्याला सर्वांत भक्कम संरक्षण मिळते ते अचूक राहिल्यावर. त्याच वर्षी फूलनदेवी ‘बँडिट क्वीन’विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्यांच्यावरचे खटले प्रलंबित होते आणि चित्रपट तर त्यांची खरी कहाणी म्हणून विकला जात होता. ‘ब्लॅक फ्रायडे’ला १९९३ च्या स्फोटांच्या टाडा खटल्याचा निकाल येईपर्यंत थांबावे लागले. ‘तलवार’ मात्र २०१५ मध्ये अपील प्रलंबित असतानाच आला आणि उच्च न्यायालयाचा निकाल दोन वर्षांनी. एकसमान धोरण नाही. न्यायालये स्वतःच्या प्रतिष्ठेबद्दल मात्र जागरूक असतात. ‘जॉली एलएलबी २’ या काल्पनिक चित्रपटातले काही भाग मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशावरून कापले गेले. खऱ्या खटल्याचा निकाल उलटा दाखवला म्हणून कुणाला असे जाब विचारल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि विचारावा असेही मी म्हणणार नाही, कारण सेन्सॉरच्या हाती इतिहासाची कात्री देणे धोक्याचे आहे.

त्यापेक्षा सुरुवातीची सरधोपट पाटी जावी. ‘काही पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत’ या वाक्याचा उपयोग फक्त निर्मात्याच्या वकिलाला होतो. काय बदलले आणि खरा निकाल काय लागला, हे चार ओळींत स्पष्ट लिहिता येते. श्रेयनामावली तेवढ्याने लांबत नाही.

आणि पटकथा लिहिणाऱ्यांनी वर्तमानपत्री कात्रणांवर न थांबता कागद मागवावेत. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता मोफत वाचता येतात, काही मराठीतही. सत्र न्यायालयातल्या साक्षींच्या नकला खटल्यात पक्षकार नसलेल्यालाही कारण दाखवून अर्ज केला तर मिळू शकतात. त्यात सरतपासणी असते, उलटतपासणी असते, पंचनामे आणि मुद्देमालाची यादी असते. साक्ष देताना साक्षीदार कसा वागला याविषयी महत्त्वाचे वाटेल ते न्यायाधीशांनी नोंदवावे, अशी तरतूद जुन्या संहितेच्या कलम २८० मध्ये होती. त्यामुळे कोणत्या प्रश्नाला साक्षीदार गप्प राहिला आणि कुठे त्याला रडू फुटले, हे कित्येकदा त्याच पानावर, उत्तराच्या खाली लिहिलेले सापडते.